मंगळवार पेठ, व्हाया ॲनफिल्ड

शुक्रवार, २५ एप्रिल २०२५

महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सकाळी कोल्हापुरात उतरले तेव्हा मावसभाऊ फलाटावर आर्सेनलची लाल जर्सी घालून उभा होता. बुधवारी रात्रीच त्याच्या संघानं क्रिस्टल पॅलेसशी २-२ अशी बरोबरी केली होती. त्यामुळे माझ्या लिव्हरपूलला इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकायला आता एकच गुण पुरणार होता, आणि तो मिळवायची संधी रविवारी टॉटनहॅमविरुद्ध होती. असं असूनही जर्सी घालून तो मला घ्यायला आला, हे मला मनापासून आवडलं.

"ताई, पॅलेसचं नाव काढायचं न्हाई," एवढंच म्हणाला आणि बॅग उचलली.

मी लिव्हरपूलची झाले २५ मे २००५ च्या रात्री. इस्तंबूलमधली चॅम्पियन्स लीगची ती फायनल बाबांबरोबर बघितली होती. मध्यंतराला मिलान ३-० पुढे होता. बाबा झोपायला उठले आणि दारातच थबकले, कारण सहा मिनिटांत तीन गोल झाले होते. टायब्रेकर संपला तेव्हा कल्याणला पहाटेचे तीन वाजत आले होते. त्याला आता वीस वर्षं होतील. या वीस वर्षांत भाऊ दरवेळी म्हणायचा, "टीव्हीवरचा फुटबॉल लई बघितलास. एकदा आमचा बघून जा की." म्हणून ही चार दिवसांची सुट्टी.

अंबाबाईचं दर्शन, मिसळ, दुपारची झोप. शुक्रवारचा दिवस त्यातच गेला. खरा प्रवास संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कट्ट्यावर सुरू झाला. समोरच्या भिंतीवर २०२२ च्या वर्ल्ड कपला रंगवलेला अर्जेंटिनाचा झेंडा अजून आहे. निळा रंग उडालाय, पण त्यावर कुणी दुसरं काही रंगवलेलं नाही. पलीकडच्या गल्लीत ब्राझील. वर्ल्ड कपच्या महिन्यात इथं चौकाचौकात खेळाडूंचे उंचच उंच कटआउट लागतात, हे मी बातम्यांत वाचलं होतं. झेंडे अडीच वर्षं जपले जातात हे इथं येऊनच कळलं.

कट्ट्यावर चर्चा चालली होती ती 'फॉर्म'ची. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, जुना बुधवार, फुलेवाडी ही इथल्या संघांची नावं एकामागून एक येत होती. मी ज्याला फॉर्म म्हणते तो म्हणजे शेवटच्या पाच सामन्यांचे निकाल, हिरव्या-तांबड्या ठिपक्यांची एक ओळ. इथला फॉर्म निराळा. कुणाच्या स्टॉपरला पुण्यात नोकरी लागली, कुणाचा डावा बॅक लग्न झाल्यापासून सकाळच्या सरावाला उशिरा येतो, कुणाच्या गोलकिपरच्या घरी आजारपण आहे. खेळाडू कसा खेळेल हे त्यांना कळतं, कारण तो कुठल्या घरातून मैदानावर येतो हे त्यांना माहीत असतं. प्रतिस्पर्धी पेठेतल्या पोरांचीही एवढी माहिती, आणि ती सांगताना आवाजात अदबही. "त्यो पोरगा चांगला हाय, फकस्त आपल्याकडं न्हाई," असं एक जण म्हणाला.

कट्ट्याच्या कडेला तात्या बसले होते. वय पंचाहत्तरीच्या आसपास, आयुष्य उद्यमनगरातल्या फौंड्रीत गेलेलं, तरुणपणी तालमीच्या संघाचे राइट बॅक. सगळी गल्ली त्यांना तात्याच म्हणते.

"तुजा संघ कुठला?" त्यांनी विचारलं.

"लिव्हरपूल."

"ते झालं. गल्लीतला कुठला?"

मला उत्तर देता आलं नाही. कल्याणला माझ्या गल्लीत संघ नाही. तात्यांनी मान डोलावली, वाईट वाटल्यासारखी, आणि भावाला म्हणाले, "उद्या हिला मैदानावर आण."

शनिवार, २६ एप्रिल

सकाळी सहाला शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानात. धूळ, शिट्ट्या, आणि एकाच मैदानावर चाललेले चार-पाच वेगवेगळे सराव. सात-आठ वर्षांच्या पोरांपासून केस पिकलेल्यांपर्यंत सगळे. शिकवणारे बहुतेक जुने खेळाडू, कामावर जायच्या आधी दोन तास येणारे. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. भारत फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा उतरला तो त्या वेळी. तो संघ तिन्ही सामने हरला, पण इथली लहान पोरं अजून त्याचं नाव घेऊन फटके मारतात.

एक पोरगा अनवाणी खेळत होता. बूट काढून बाजूला ठेवलेले, 'चावतात' म्हणून. तात्यांना त्यांच्या थोरल्या भावाची आठवण आली. त्या पिढीतले बरेच जण पायाला पट्ट्या बांधून खेळायचे. मग मी त्यांना मोहन बागानची गोष्ट सांगितली. २९ जुलै १९११ ला कोलकात्यात बहुतेक अनवाणी असलेल्या त्या अकरा जणांनी बूट घातलेल्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांचे गोल. तात्यांना ही गोष्ट माहीत होती, पण १९५२ ची नव्हती. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं हरवलं आणि त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. तात्या बराच वेळ त्या पोराच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी त्याला हाक मारली आणि बुटांच्या टाचेत कापूस भरून कसा घालायचा ते दाखवलं.

दुपारी चारचा सामना छत्रपती शाहू स्टेडियमवर. दोन्ही संघांची नावं मी लिहीत नाही. एकाचं नाव आधी लिहिलं तर दुसऱ्या पेठेला लागेल, आणि मला दोन्हीकडे चहा मिळाला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे इथल्या भाषेत केएसए, १९४० सालची. छत्रपती घराण्याचा आश्रय तेव्हापासून आजवर टिकून आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला उभं केलं आणि पेठेपेठेतल्या तालमी बहरल्या. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. म्हणून इथल्या बऱ्याच संघांच्या नावांत 'एफसी' नसतं, 'तालीम मंडळ' असतं. पाटाकडील तालीम म्हणजे पाटाकडची तालीम, नावातच पत्ता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि का ते रविवारच्या नोंदीत लिहिलंय.

उन्हानं तापलेल्या पायऱ्यांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. एका बाजूला एक पेठ, दुसऱ्या बाजूला दुसरी, मधे पोलीस. सुरुवातीची दहा मिनिटं चेंडू हवेतच जास्त होता. कडक जमिनीवर तो असा उसळतो की पहिल्या स्पर्शात ताब्यात घेणं अवघड. टीव्हीवरच्या गालिच्यासारख्या हिरवळीवर हे कधी जाणवत नाही. एका संघाकडून आफ्रिकेतला एक उंच खेळाडू खेळत होता. त्याच्याकडे चेंडू गेला की त्याची पेठ त्याला अस्सल कोल्हापुरीत सूचना करायची, आणि त्याला त्या समजत होत्या असं त्याच्या हसण्यावरून वाटलं.

पूर्वार्ध संपता संपता बचावफळीतल्या एकानं समोरच्याच्या नडगीवर सरळ लाथ घातली. शिट्टी, पिवळं कार्ड, आणि दोन्ही पेठा उभ्या.

"आमच्या येळी एवढ्याला शिट्टी न्हवती," तात्या म्हणाले.

मध्यंतरात मी त्यांना सांगितलं की याच नडगीवरून हा खेळ दोन तुकड्यांत फुटलाय. २६ ऑक्टोबर १८६३ ला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये क्लबांची माणसं जमली आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तोवर प्रत्येक शाळेचे, प्रत्येक गावाचे नियम वेगळे. १८५७ चा शेफील्ड क्लब तर स्वतःच्या नियमांनी खेळत होता. पुढच्या बैठकांत वाद पेटला तो दोन गोष्टींवर: चेंडू हातात घेऊन पळायचं की नाही, आणि नडगीवर लाथ मारायची की नाही. ब्लॅकहीथ क्लबच्या कॅम्पबेल यांचं म्हणणं होतं की लाथ काढून टाकली तर खेळातली धमकच जाईल आणि आठवडाभर सराव केलेले फ्रेंचसुद्धा तुम्हाला हरवतील. बहुमत विरोधात गेलं, ब्लॅकहीथ बाहेर पडला. त्या वाटेनं पुढे १८७१ ला रग्बी युनियन उभी राहिली. आणि गंमत अशी की रग्बीवाल्यांनी पहिले नियम लिहिले तेव्हा त्यांनीही नडगीवरची लाथ बंदच केली.

"म्हंजे तालीम फुटली," तात्या म्हणाले. "आणि ज्याच्यासाठी फुटली ते दोघांनीबी सोडलं."

मी १८६३ चे आणखी नियम सांगत गेले. गोलला आडवा दांडा नव्हता, दोन खांबांमधून चेंडू कितीही उंच गेला तरी गोल. प्रत्येक गोलनंतर बाजू बदलायची. चेंडूच्या पुढे असलेला आपला खेळाडू ऑफसाइड, म्हणजे पुढे पास देणंच अशक्य. गोलकिपर हा शब्द नियमांत आला १८७१ ला. पेनल्टी आणि जाळी १८९१ पासूनची. मागच्या पायरीवरची चार पोरं पुढे सरकून ऐकायला लागली. "मग पास कवा सुरू झाला?" एकानं विचारलं. स्कॉटलंडमुळे, मी म्हटलं. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंडचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही जण एकाच क्लबचे, क्वीन्स पार्कचे. इंग्लंडचे खेळाडू अंगानं धिप्पाड, चेंडू घेऊन एकटे पळणारे. स्कॉटलंडचे एकमेकांना देत-घेत खेळणारे. निकाल ०-०.

"एकाच क्लबचे म्हणून देत हुते," तात्या म्हणाले. "वळखीचा असल्याशिवाय पोरगं चेंडू सोडत न्हाई."

या एका वाक्यावर मी अजून विचार करतेय. फुटबॉलवर आजवर जे वाचलं त्यात पासचं एवढं साधं कारण मला कुठं भेटलं नव्हतं.

उत्तरार्धात एकच गोल झाला, कॉर्नरवरून हेड. पलीकडची पेठ उसळली, आमची बसून राहिली. सामना संपल्यावर हरलेल्या संघाचा गोलकिपर पायऱ्यांजवळ आला तेव्हा त्याच्या गल्लीतल्या एका बाईनं त्याला पाण्याची बाटली दिली आणि "उद्या पोहे खायला ये," म्हणाली. अशी ईर्षा आणि अशी माया मी एका ठिकाणी पहिल्यांदाच पाहिली. मैदानावर कधी कधी हाणामारी होते आणि त्यापायी स्पर्धा थांबतात, हेही मला इथल्याच लोकांनी सांगितलं. सांगताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

रात्री झोप नाही. दीडला सेव्हियामध्ये बार्सिलोना आणि रेआल माद्रिद, कोपा डेल रे या स्पेनच्या कप स्पर्धेची फायनल. मंडळाच्या खोलीत तीस-चाळीस जण. पेद्रीच्या गोलनं बार्सा पुढे, मग एम्बापे आणि चुआमेनीच्या गोलांनी माद्रिद पुढे, चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला फेरान तोरेसची बरोबरी, आणि जादा वेळेत एकशे सोळाव्या मिनिटाला कुंदेचा फटका. ३-२. पहाटे चारनंतर गल्लीत जो गलका उठला त्यानं दूधवाले वेळेआधी आले की काय असं मावशीला वाटलं.

रविवार, २७ एप्रिल

अकराला उठले. मावशीचा तांबडा-पांढरा रस्सा. दुपारी पुन्हा झोप.

संध्याकाळी तात्या आणि भाऊ मला खासबागेत घेऊन गेले. १९१२ पासूनचं हे कुस्तीचं मैदान, मधे हौदा आणि भोवती उतरत जाणारी गोलाकार बैठक. कुठूनही बघा, पैलवान दिसतोच. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं. त्या बाजूला बघताना तात्या गप्प झाले. मीही काही विचारलं नाही.

भेळ खात बसलो आणि रात्रीच्या सामन्याचा विषय निघाला. भावाच्या दोन मित्रांपैकी एक मँचेस्टर युनायटेडचा. त्याचा संघ लीगमध्ये तळाच्या भागात रुतलेला, पण दहा दिवसांपूर्वी युरोपा लीगमध्ये ल्योंविरुद्ध जादा वेळेत ४-२ असा मागे पडून ५-४ जिंकलेला. तो त्या सात मिनिटांवरच जगत होता. "लीग सोड, बिलबाओत फायनल हाय," हे त्याचं पालुपद. भाऊ म्हणाला की आर्सेनलनं चॅम्पियन्स लीगमध्ये माद्रिदला ३-० आणि २-१ असं दोन्ही वेळा हरवलंय, मंगळवारी उपांत्य फेरीत पॅरिसचा पीएसजी, खरा फॉर्म तोच. सलग चार वर्षं विजेता असलेला मँचेस्टर सिटी या हंगामात कसा कोसळला यावर दोघांचं एकमत झालं, एवढंच.

तात्यांना यातलं फारसं नको होतं. त्यांनी मला विचारलं, "तुजा संघ कुठल्या तालमीचा?"

प्रश्न बरोबर होता. इंग्लंडमधले संघही असेच कुठल्या ना कुठल्या ठिकाणाहून उठले. मँचेस्टर युनायटेड म्हणजे १८७८ चे न्यूटन हीथचे रेल्वे कामगार. आर्सेनल म्हणजे १८८६ चे वुलिचच्या तोफखान्यातले कामगार. वेस्ट हॅम म्हणजे टेम्सकाठच्या लोखंडी जहाजांच्या कारखान्याचा १८९५ चा संघ. त्यांच्या बिल्ल्यावर अजून दोन हातोडे आहेत. मी फोनवर तो बिल्ला दाखवला. फौंड्रीत आयुष्य काढलेल्या तात्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि बराच वेळ ते हातोडे बघितले. "रिवेट मारायचे हैत," म्हणाले. खरंच ते रिवेट मारायचेच आहेत.

आणि लिव्हरपूल? लिव्हरपूलची कुठलीच तालीम नाही, हे सांगताना मला जड गेलं. १८७८ ला सेंट डोमिंगो चर्चच्या पोरांनी संघ काढला, वर्षभरात त्याचं नाव एव्हर्टन झालं. १८८४ पासून ते ॲनफिल्डवर, म्हणजे आज लिव्हरपूलचं असलेल्या मैदानावर, भाड्यानं खेळायचे. १८८८ ला फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या बारा संघांत एव्हर्टन होता, आणि १८९१ ला त्यांनी लीग जिंकली ती ॲनफिल्डवर खेळूनच. मैदानाचा ताबा जॉन हौल्डिंग या बिअर बनवणाऱ्या धनिकाकडे. भाडं वाढत गेलं, जमीन विकत घ्या म्हणून त्याचा तगादा. सभासदांनी नकार दिला आणि १८९२ ला स्टॅन्ले पार्कच्या पलीकडे जाऊन गुडिसन पार्क बांधलं. हौल्डिंगकडे मैदान उरलं, संघ नाही. म्हणून १५ मार्च १८९२ ला त्यानं नवा संघ काढला. तो लिव्हरपूल. पहिले खेळाडू बहुतेक स्कॉटलंडहून आणलेले.

"म्हंजे तुजा संघ घरमालकाचा," तात्या म्हणाले.

"हो."

"आणि भाडेकरू गेले ते कुठं?"

"समोरच. मधे फक्त एक बाग. तिथं एकशे तेहेतीस वर्षं खेळतायत. या मेमध्ये तेही मैदान सोडणार, गोदीवर नवं बांधलंय."

तात्या यावर काही बोलले नाहीत. भेळेचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

रात्री नऊला सामना. बाराव्या मिनिटाला सोलंकीनं टॉटनहॅमला पुढे नेलं आणि भावानं माझ्याकडे बघायचं टाळलं. मग डियाझ, मॅक ॲलिस्टर, गाकपो, सलाह, आणि उदोगीचा स्वयंगोल. ५-१. विसावं विजेतेपद, युनायटेडच्या बरोबरीचं. २०२० चं जिंकलं तेव्हा कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं. आज ॲनफिल्ड भरलेलं, गाणं सुरू. मला रडू आलं. खोलीत लिव्हरपूलची मी एकटीच, तरी भावानं कुठून तरी गुलाल आणला आणि माझ्या कपाळाला लावला. आर्सेनलची जर्सी गुलालानं माखली, कारण त्यानं आधी स्वतःच्याच हातात मूठभर घेतला होता. बाबांना फोन केला. ते जागेच होते.

सोमवार, २८ एप्रिल

सकाळच्या कोयनेनं परत. निघताना तात्यांच्या दारात थांबले. मला वाटलं सामन्याबद्दल विचारतील.

"ते बागंपलीकडचे," ते म्हणाले, "त्यांची त्या मैदानावरची शेवटची मॅच कवा?"

"अठरा मे. साउदम्प्टनशी. आपल्या वेळेनं साडेचारला."

"आपलीबी चारलाच असती," म्हणत ते आत गेले. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, मे महिन्याचं पान उलटलं, अठरा तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं 'एव्हर्टन' लिहिलं आणि स्पेलिंग बरोबर आहे का म्हणून ते पान मला दाखवलं.